गोदाकाठचा खलाशी, फसलीतला मुन्सफ

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या गल्लीत ट्रंका उन्हात यायच्या. चार घरं सोडून राहणाऱ्या जजसाहेबांची ट्रंक सगळ्यांत जड. ती गच्चीवर चढवायला आम्हा पोरांना हाक यायची. वरती काळा कोट, गळ्याचे पांढरे बँड, डांबरगोळ्या. त्याखाली लाल फडक्यात बांधलेलं उर्दू कागदांचं गाठोडं. आणि अगदी तळाशी एक जाड पांढरा सुती सदरा, त्याला पाठीवर पडणारी चौकोनी निळी कॉलर, कॉलरच्या कडेने तीन पांढऱ्या रेघा. सदऱ्याच्या घडीत कांस्याचं सहा टोकांचं पदक. त्याची फीत गडद निळी, मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही अंगांना नारिंगी रेघ. साहेबांनी कधीतरी नाटकात काम केलं असावं असं आम्ही धरून चाललो होतो. ते बर्मा स्टार आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशच्या लढाईचं ब्रिटिश पदक, हे कॉलेजात गेल्यावर कळलं.

साहेबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नाव इथे देत नाही, त्यांना आवडलं नसतं. ही त्यांची चरित्रकथा नाहीच. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) एका घरात खलाशाचा सदरा आणि न्यायाधीशाचा कोट एकाच ट्रंकेत कसे आले, त्यामागे काय काय घडून गेलेलं होतं, तेवढंच सांगायचं आहे. मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्याकडचा एकमेव 'सागर' पैठणचा नाथसागर, आणि तोही १९७६ सालचा.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र मराठवाड्याचा पैसा माणसांच्या आधी समुद्रावर पोचला होता. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान ब्रिटिशांचा 'फेथफुल अलाय', म्हणजे एकनिष्ठ मित्र, होता. हा त्याचा रीतसर किताब. दोन्ही महायुद्धांत त्याने हात सैल सोडला. ब्रिटिश हवाई दलाची १५२ वी स्क्वाड्रन 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणून ओळखली जायची, आणि तिच्या बोधचिन्हात निजामाची पगडी होती. ऑस्ट्रेलियाच्या आरमारात १९४१ साली एक विनाशिका दाखल झाली, तिचं नावच 'निजाम', कारण पैसे त्याने दिले होते. गंगापूर-कळंबच्या शेतसाऱ्यातले चार आणे त्या जहाजाच्या पोलादात असणार, असं मी म्हटलं तर हिशेब कुणी मागू नये. पण तिजोरी भरत होती ती रयतेच्याच पैशाने.

माणसं गेली ती वेगळ्या वाटेने. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव १९३४ चं, त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती. १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तिच्याकडे मोजून आठ युद्धनौका होत्या आणि दोन हजारांच्या आत माणसं. युद्ध संपताना हा आकडा तीस हजारांच्या घरात गेला होता. जुन्या आरमारात भरती म्हणजे रत्नागिरीकडचे दर्यावर्दी आणि पंजाबी मुसलमान, अशी ठरलेली रीत. एवढी माणसं त्या दोन ठिकाणांहून मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय रडार, बिनतारी संदेश, सिग्नल या कामांना शिकलेला मुलगा लागायचा. मॅट्रिक झालेला, इंग्रजी वाचू शकणारा. तो पोहणारा असलाच पाहिजे असंही नव्हतं.

साहेब पैठणकडचे. वडील शाळामास्तर. शाळेत उर्दू माध्यम, घरी मराठी, इंग्रजी हा परीक्षेपुरता विषय. औरंगाबादहून मनमाडपर्यंत निजामाच्या रेल्वेची मीटर गेज, मनमाडला उतरून ब्रॉड गेजची गाडी, सकाळी मुंबई. मामाकडे नोकरी शोधायला गेलेला हा मुलगा १९४३ साली भरतीच्या रांगेत उभा राहिला, तो पगार आणि दोन वेळच्या जेवणासाठी. देशासाठी की साम्राज्यासाठी, असा प्रश्न त्या वेळी पडला नाही, असं ते स्वतःच सांगत. निजामाच्या मुलखात तिरंगा लावला तर तुरुंग, इंग्रजांच्या मुलखात 'चले जाव' म्हटलं तर तुरुंग. "दोन्हीकडं सरकार परकंच होतं, मग पगार तरी घ्यावा," एवढंच एकदा म्हणाले.

त्या आरमाराने काय केलं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून दोन प्रसंग. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात 'बेंगाल' नावाची छोटी भारतीय नौका 'ओंदिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत चालली होती. समोरून दोन जपानी जहाजं आली, आकाराने आणि तोफांनी कितीतरी मोठी. 'बेंगाल'वर लहानशी एक तोफ. पळून जायच्या ऐवजी ती सरळ त्यांच्या अंगावर गेली. गोळागोळीत 'होकोकु मारू' हे जपानी जहाज पेटून बुडालं, दुसरं निघून गेलं, आणि 'बेंगाल' व 'ओंदिना' दोन्ही बंदराला लागली.

दुसरा प्रसंग आमच्या नदीचा. त्या काळच्या भारतीय युद्धनौकांना नद्यांची नावं होती: सतलज, जमना, नर्बदा, कृष्णा, कावेरी, गोदावरी. यातल्या 'गोदावरी'ने ब्रिटिशांच्या 'फाइंडहॉर्न' नौकेसोबत १२ ऑगस्ट १९४४ ला सेशेल्सजवळ यू-१९८ ही जर्मन पाणबुडी बुडवली. पाणबुडीतला एकही माणूस वाचला नाही. ही हकीकत साहेबांना पाठ होती. 'गोदावरी'वर ते कधी नव्हते, तरी गावाकडच्या कुणाला आपण नेव्हीत होतो हे सांगायचं झालं की त्याच जहाजाचं नाव घ्यायचे. "नाशिक-पैठणच्या पाण्याला कळावं म्हणून," असं हसून म्हणायचे.

स्वतः ते ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर होते. १९४५ च्या सुरुवातीला आक्याब आणि रामरी बेटावर दोस्तांचं सैन्य उतरलं, तेव्हा खाडीखाडीतून भारतीय नौका पुढे होत्या. साहेबांचं काम तारायंत्राचं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, मोर्सच्या लिपीत आलेला प्रत्येक टिंब-रेघेचा आवाज अक्षरात उतरवायचा. अर्थ लावायचा नाही, शंका आली तर जागा कोरी सोडायची. "अंदाजानं अक्षर भरलं की माणसं मरतात," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदा आरमाराबद्दल बोलताना, आणि एकदा कोर्टातल्या साक्षीबद्दल.

मग १९४६. तलवार हे जहाजाचं नाव वाटतं, पण ती कुलाब्याची सिग्नल शाळा होती, जमिनीवर. तारायंत्राची माणसं तिथेच शिकत. निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, युद्ध संपलं तरी न मिळणारी सुटका, या सगळ्यावर १८ फेब्रुवारीला तलवारमधल्या खलाशांनी काम आणि जेवण दोन्ही बंद केलं. दोन दिवसांत ते लोण मुंबई, कराची आणि इतर बंदरांत पोचलं. अठ्ठ्याहत्तर जहाजं, वीस तळ, वीस हजार खलाशी, असा आकडा सगळीकडे दिला जातो. मागण्या फक्त डाळ-भाताच्या नव्हत्या. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा आणि इंडोनेशियातून भारतीय फौज परत बोलवा, हेही त्यांत होतं. जहाजांच्या डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तीनही झेंडे एकत्र चढले. एवढं चित्र त्यानंतर आपल्या देशात फार वेळा दिसलेलं नाही. मुंबईत गोळीबार झाला, गिरण्या बंद पडल्या, रस्त्यावरची दोनशेवर माणसं मेली. काँग्रेस आणि लीग दोघांच्याही पुढाऱ्यांनी पाठ फिरवली. शेवटी सरदार पटेलांच्या सल्ल्याने २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असा शब्द मिळाला होता. तो पाळला गेला नाही. शेकडोंना घरी पाठवलं, आणि स्वतंत्र भारताच्या किंवा पाकिस्तानच्या आरमारात त्यांना परत घेतलं नाही.

साहेब तेव्हा तलवारवरच सुटकेच्या कागदांची वाट बघत होते. त्या आठवड्याबद्दल ते एवढंच बोलायचे, की जेवण खराब होतं. पुढे १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची योजना आली, तिच्यात नाविक उठावात भाग घेतलेलेही बसत होते. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी अर्ज करायला सुचवलं. "एक दिवस उपाशी राहिलो त्याची पेन्शन?" म्हणून त्यांनी विषय संपवला. आमच्या बीड जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांचं केवढं मोठं प्रकरण झालं, चौकशी आयोग नेमावा लागला आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टालाही त्यात बोलावं लागलं, हे ज्यांना आठवतं त्यांना या वाक्याची गंमत जास्त कळेल.

आरमाराचीही वाटणी झालीच. जहाजं भारत-पाकिस्तानात विभागली तेव्हा सतलज भारताकडे आली आणि गोदावरी पाकिस्तानात गेली. नर्बदाही तिकडेच. त्याहून कडी म्हणजे 'हिंदुस्तान' नावाचं जहाजसुद्धा पाकिस्तानला गेलं. गोदावरीचं पुढे 'सिंध' झालं. आपल्याकडे गोदावरी नावाची दुसरी युद्धनौका यायला १९८३ उजाडावं लागलं.

साहेब १९४६ च्या अखेरीस परत आले, ते मात्र स्वतंत्र होऊ घातलेल्या देशात नाही, निजामाच्या राज्यात. हा फरक उर्वरित महाराष्ट्राला नेहमीच विसरायला होतो. स्टेट काँग्रेसवरची १९३८ पासूनची बंदी नुकतीच उठली होती. त्याच १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून काढलेली मुलं नागपूरला जाऊन शिकली होती. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत रोषणाई होती आणि औरंगाबादेत तिरंगा घेऊन बाहेर पडणं म्हणजे पोलीस अंगावर घेणं. त्यानंतरचं वर्ष रझाकारांचं. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी, आणि हा माणूस लातूरच्या कोर्टात वकिली करणारा होता. लातूरच्या जुन्या वकिलांच्या घरात अजूनही त्याच्या उलटतपासणीच्या गोष्टी ऐकायला मिळतात. कायदा शिकलेला माणूस काय काय करू शकतो, याचं आमच्याकडचं उदाहरण बाहेरून आणावं लागत नाही. साहेबांचं कुटुंब तेव्हा मनमाडला नातेवाइकांकडे येऊन राहिलं, सरहद्दीपलीकडे आलेल्या हजारो कुटुंबांसारखंच.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे सहसा येत नाही. गावात पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या जमिनीच्या दाव्यांच्या मिसली, म्हणजे कोर्टाच्या फायली, उघडल्या की मात्र येतं: मालक कधी गेला, जमीन कुणाच्या ताब्यात आली, ताबा कुठल्या सालापासून.

या मिसलींपाशी जरा थांबायला हवं, कारण न्यायाधीश म्हणून साहेबांचं सगळं आयुष्य त्यांतच गेलं.

निजामाची न्यायव्यवस्था मागासलेली होती, असं मुक्तीनंतर सरसकट बोललं गेलं. ते खरं नाही. न्यायखातं आणि कारभार वेगळे करण्याचा निर्णय हैदराबाद संस्थानात १९२१ च्या सुमारास झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बहुतेक जिल्ह्यांत तेव्हा कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही होता. मुसी नदीकाठची लाल दगडाची हायकोर्टाची इमारत १९१९ मध्ये पूर्ण झाली. केशवराव कोरटकरांसारखे मराठी वकील त्या कोर्टाचे न्यायमूर्ती झाले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या धर्तीवर शेवटच्या अपिलाची ज्युडिशियल कमिटीही होती. अडचण होती ती वेगळी. कायदा कितीही चांगला असला तरी त्याच्यावर निजामाचं फर्मान होतं. आणि कोर्टाची भाषा उर्दू होती. रयत मराठीत बोलायची, गावचं दफ्तर मराठी-मोडीत, आणि फैसला उर्दूत. कुळाला आपण जिंकलो की हरलो हे वकिलाच्या चेहऱ्यावरून कळायचं.

मुक्तीनंतर उस्मानियातलं शिक्षण उर्दूतून इंग्रजीकडे वळलं. साहेबांची इंटर अर्धी उर्दूत, बी.ए. इंग्रजीत, एलएल.बी. हैदराबादेतच. औरंगाबादला माणिकचंद पहाडे लॉ कॉलेज निघालं १९५६ मध्ये, तोवर वकील व्हायचं तर मराठवाड्याच्या पोराला हैदराबादच गाठावं लागे. १ एप्रिल १९५१ पासून भारतातले मुख्य कायदे हैदराबादला लागू झाले आणि संस्थानाच्या स्वतःच्या संहिता गेल्या. पण जमिनीचे कायदे राहिले. १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा (फसली म्हणजे निजामाच्या कारभारातली कालगणना). १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा, ज्याच्या ३८-ई कलमाने संरक्षित कुळाला मालकी मिळाली. १९५२ चा अतियात चौकशी कायदा, म्हणजे इनामांचा. मदतमाश, खिदमतमाश, सनद, मुंतखब हे शब्द पुण्याच्या वकिलाला आजही पुस्तकात बघावे लागतात. आमच्याकडे चहाच्या टपरीवर बोलले जातात.

१९५६ च्या उन्हाळ्यात साहेब मुन्सफ, म्हणजे खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश, झाले. सहा महिनेही झाले नसतील, तोच १ नोव्हेंबर आला. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि खुर्चीवरच्या माणसाचं हायकोर्ट रातोरात हैदराबादचं मुंबई झालं. टेबल तेच, नाझर तोच, बेलीफ तोच. वरचं शिक्कामोर्तब बदललं. रॉयल इंडियन नेव्हीतला मुलगा हे एकदा बघून बसला होता, त्यामुळे घाबरला नसावा. बाकीच्यांची मात्र तारांबळ उडाली. हैदराबाद केडरचा मुन्सफ मुंबईच्या कुठल्या दर्जाच्या बरोबरीचा, ज्येष्ठता कशी धरायची, या वादांत कित्येकांची निवृत्ती आली. ज्यांनी इतरांचे दावे निकाली काढले त्यांचे स्वतःचे अर्ज पडून राहिले. साहेबांचाही एक होता. तो शेवटपर्यंत निकाली निघाला नाही, आणि कुठे अडकला होता हे त्यांना ठाऊक होतं, पण ते नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही.

त्या काळच्या मुन्सफापुढे येणाऱ्या कागदाचं एक उदाहरण देतो, लाल फडक्यातल्या गाठोड्यामुळे मला ते समजलं. समजा खरेदीखत आहे. मजकूर उर्दूत, तोही शिकस्ता लिपीत, म्हणजे नुक्ते (अक्षरांवरचे टिंब) गाळून, अक्षरं एकमेकांत अडकवून भराभर लिहिलेला. रक्कम हाली सिक्क्यात. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा भाव मराठवाड्यातल्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ होता. हुकूमनामा कलदारात द्यायचा तर हा हिशेब पै-पैचा जुळला पाहिजे, नाहीतर दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, वेळी पुन्हा भांडण.

आणि तारीख फसलीत. फसलीचं इसवी साल करायला ५९० मिळवायचे की ५९१, हे महिन्यावर ठरतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने लागायचं. आजूर आणि दै हे पहिले दोन महिने असतील तर ५९०. वर्षाचे पुढचे महिने असतील तर ५९१. खरा घोटाळा तिसऱ्या महिन्यात, बहमनमध्ये. तो अर्धाअधिक डिसेंबरात आणि थोडा जानेवारीत. म्हणजे बहमन १३४७ फसली हे १९३७ ही असू शकतं आणि १९३८ ही, तारीख बघितल्याशिवाय सांगता येत नाही. याने काय फरक पडतो? पुष्कळ. बारा वर्षांच्या वहिवाटीने मालकी लागते. तीस वर्षांपलीकडचा दस्त योग्य ताब्यातून आला तर त्याची सही खरी धरता येते, साक्षीदार उभा करावा लागत नाही. कुणाची चार एकर जमीन बहमनच्या तारखेवर राहायची किंवा जायची. साहेब सांगत, वकील इथे हमखास अंदाजाने साल म्हणायचे, आणि ते पेन खाली ठेवून महिना विचारायचे.

शिकस्ता वाचणारा मुन्सफ म्हणून त्यांची बदली जिथे जुने खटले तुंबलेले असत तिथे व्हायची. अंबाजोगाई, हिंगोली, कंधार. शिकस्ता वाचायला मोर्सपेक्षा अवघड, कारण मोर्स पाठवणाऱ्याला निदान आपलं म्हणणं कळावं अशी इच्छा असते, हे त्यांचं मत. उर्दू जाणणारे जुने कारकून एकेक करून निवृत्त झाले, काही आधीच कराचीला किंवा हैदराबादला गेलेले. १९७० नंतर तर कागद वाचायला साहेबांच्या चेंबरमध्येच बाहेरच्या कोर्टांतले लोक येऊ लागले. भाषांतरकाराची सही आणि शपथ घेऊन आलेलं भाषांतरही ते एकदा मुळाशी ताडून बघायचे.

नंतरच्या काळात जायकवाडी आलं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये लोकार्पण. शंभरावर गावं पाण्याखाली गेली. मोबदला कमी वाटला तर भूसंपादन कायद्याच्या अठराव्या कलमाखाली संदर्भ, म्हणजे मोबदला वाढवून मागायचं प्रकरण, आणि संदर्भ जिल्हा कोर्टात. पैठणकडच्या माणसाने पैठणकडचे संदर्भ ऐकायचे नाहीत, म्हणून साहेबांनी ते दुसऱ्याकडे वर्ग करायला लावले. त्यांचं आजोळही त्याच पाण्यात होतं. रविवारी बांधावर जाऊन उभे राहायचे, असं त्यांचा मुलगा सांगतो. समुद्रासारखं दिसतं का, असं त्याने एकदा विचारलं. "समुद्राला भरती असते," एवढं उत्तर.

मुंबई हायकोर्टाशी जोडलं गेल्यावर मराठवाड्याच्या पक्षकाराचं अपील म्हणजे एक यात्राच झाली. नांदेडहून मीटर गेजने मनमाड, तिथून मुंबई, तिथे राहायचं कुठे, वकिलाची फी कलदारातच. १९५३ च्या नागपूर कराराने मराठवाड्याला काय काय आश्वासनं दिली होती याची यादी आमच्याकडे पाठ असते, पण खंडपीठासाठी वकिलांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमाखाली हुकूम काढला आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादला न्यायमूर्ती बसू लागले. त्या हुकमाला आव्हान दिलं गेलं. मुंबई हायकोर्टाने तो डिसेंबरात रद्द केला. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा उभा केला, आणि बरोबर तीन वर्षांनी, २७ ऑगस्ट १९८४ ला, ते कायमचं खंडपीठ झालं. बीडच्या वकिलीतून येऊन याच खंडपीठावर न्यायमूर्ती म्हणून बसलेले नरेंद्र चपळगावकर पुढे वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. मराठवाड्याच्या या सगळ्या इतिहासावर त्यांच्याइतकं नेमकं लिहिलेलं फार थोड्यांचं आहे.

साहेब १९८२ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तेव्हा तेवढंच वय होतं, साठ नंतर झालं. खंडपीठावर बसायची त्यांची संधी नव्हती, पण पहिल्या दिवशी ते मागच्या बाकावर जाऊन बसले होते. निवाड्याची भाषा त्यांच्या नोकरीत उर्दू होती ती इंग्रजी झाली, आणि जिल्हा-तालुका कोर्टांत मराठीचा हुकूम १९९८ मध्ये निघाला तेव्हा ते घरी होते. त्या बातमीचं कात्रण ट्रंकेत त्या उर्दू गाठोड्यावर ठेवलेलं होतं.

शेवटच्या काही वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते भिंग घेऊन वाचायचे. शेजारच्या काकूंचा भाचा एकदा गंगापूरहून एक पिवळा कागद घेऊन आला. आजोबांचं खरेदीखत, कोर्टात तारीख दोन दिवसांवर, वकिलाने साल विचारून यायला सांगितलेलं. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवलं, हाली रक्कम कलदारात करून तोंडी सांगितली, चतुःसीमा वाचून दाखवली. मग खालच्या कोपऱ्यापाशी थांबले. महिना बहमन, हे स्पष्ट होतं. त्याच्या आधीचा तारखेचा तुकडा वाळवीने खाल्लेला.

"साल काय झालं, काका?" भाच्याने विचारलं.

"आकडा नाही बाळ इथं. मग साल मला विचारू नको," म्हणून त्यांनी कागदाची आहे त्याच मोडीवर घडी घातली, परत दिला, आणि आत चहा सांगितला.